दारूचे व्यसन : प्रतिज्ञा आणि उपचार

विहारात आपण सर्वजण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. असे असूनही आपल्या वस्तीत, चाळीत किंवा भावकीत दारूने पोखरलेले एकही घर नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस विरळाच. असे का व्हावे? प्रतिज्ञा कमी पडली, की आपली समजूत अपुरी पडली?

आमचे मत असे की, जो दारूला शिवलेला नाही त्याच्यासाठी प्रतिज्ञा हा भक्कम बांध आहे. परंतु जो प्रवाहात वाहून गेला आहे, त्याला काठावरून बांधाची आठवण करून देऊन भागत नाही. त्याला बाहेर काढावे लागते. व्यसन हा आजार आहे आणि आजाराला उपचार लागतात, एवढी एक गोष्ट आपल्या घराघरांत पटली, तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.

व्यसन हा दुर्गुण की आजार?

दारू पिणारा प्रत्येक माणूस व्यसनी असतो असे नाही. पण पिणाऱ्यांपैकी काहींची गत अशी होते की, किती प्यायची आणि कधी थांबायचे हे त्यांच्या हाती राहत नाही. आज पिणार नाही असे मनापासून ठरवूनही संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळतात. नोकरी, पैसा, इज्जत, प्रकृती सर्व काही जात आहे हे दिसत असूनही पिणे थांबत नाही. याला व्यसनाधीनता म्हणतात.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तिची नोंद आहे. आपल्या देशातील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यातही दारू व अमली पदार्थांच्या सेवनामुळे उद्भवणाऱ्या अवस्थांचा समावेश आहे.

हा आजार कोणाला जडेल हे सांगता येत नाही. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांवरून असे दिसते की, या धोक्यातील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. ज्याचा बाप किंवा आजा दारूत गेला, त्याने म्हणूनच पहिल्या घोटाच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक सावध राहिले पाहिजे. उरलेला वाटा परिस्थितीचा. कोवळ्या वयात झालेली सुरुवात, पिणाऱ्यांची संगत, बेकारी, मनातले दुःख आणि कामाचे स्वरूप ही त्याची कारणे होत. गटारात उतरणारा, कचऱ्याच्या गाडीवरचा किंवा शवागारात काम करणारा कामगार, दुर्गंधी सहन व्हावी म्हणून पहिला घोट घेतो. त्या कामाची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या कोणावर झाली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मात्र ज्या घोटाने वास विसरायला लावला, तोच घोट पुढे घर विसरायला लावतो.

शरीरात काय घडते?

पोटात गेलेली दारू रक्तात मिसळते व काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिचा निचरा मुख्यतः यकृत करते आणि तेही आपल्या ठराविक गतीने. ३० मिलिलिटरचा एक पेग निचरायला साधारण एक तास लागतो. १८० मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये असे सहा पेग असतात. म्हणजे रात्री दहा वाजता क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात पहाटे चार वाजताही दारू असू शकते. लिंबूपाणी, काळा चहा किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही. सकाळच्या पाळीला गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दारू मेंदूला सुस्तावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीला तोंड देण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. त्यामुळे पूर्वी दोन पेगांत चढणारी नशा चार पेगांतही चढत नाही. "मला कितीही चढत नाही" अशी फुशारकी मारणारा गडी खरे तर आपल्या आजाराची पहिली खूण सांगत असतो. पुढे दारू मिळाली नाही की तोच उत्तेजित मेंदू उसळतो. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. सकाळी उठल्याबरोबर घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही. या अवस्थेत तो मजेसाठी पीत नाही, हात स्थिर व्हावा म्हणून पितो.

यकृतावर आधी चरबी साठते, मग सूज येते आणि शेवटी ते आक्रसून टणक होते. चरबी साठण्याच्या टप्प्यावर दारू बंद केली, तर यकृत बहुधा पूर्ववत होते. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी ही लक्षणे दिसू लागली की बराच उशीर झालेला असतो. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशीही दारूचा संबंध सिद्ध झाला आहे.

हातभट्टीच्या दारूचा धोका आणखी निराळा. तिच्यात मिथाइल अल्कोहोल मिसळले गेले तर शरीरात त्याचे विष बनते, डोळे जातात आणि माणूस दगावतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांत बहुसंख्य हातावर पोट असलेले कष्टकरी होते.

आजार ओळखायचा कसा?

डॉक्टर मंडळी चार साधे प्रश्न विचारतात. दारू कमी करायला हवी असे तुम्हाला कधी वाटले आहे काय? पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो काय? पिण्याबद्दल मनाला कधी टोचणी लागली आहे काय? सकाळी उठल्यावर अंगाला तरतरी यावी म्हणून घोट घ्यावा लागला आहे काय? यांपैकी दोन किंवा अधिक प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्याची वेळ आली असे समजावे. वाचकांनी हे प्रश्न शेजाऱ्याला विचारण्याआधी आरशासमोर उभे राहून स्वतःला विचारावेत.

घराची दैना

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत. संपत्तीचा नाश, कलहात वाढ, रोगांना आमंत्रण, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास हे ते सहा. अडीच हजार वर्षांनंतरही या यादीतील एकही कलम कमी करता येत नाही.

पैशाचाच हिशेब पाहू. दारूवर रोज फक्त शंभर रुपये जातात असे धरले, तरी वर्षाचे छत्तीस हजार पाचशे रुपये होतात आणि दहा वर्षांचे तीन लाख पासष्ट हजार. यात बुडालेले खाडे, औषधपाणी, सोसायटीचे कर्ज, सावकाराचे व्याज आणि गहाण पडलेले मंगळसूत्र धरलेले नाही. मुलीचे कॉलेज, मुलाचा क्लास, म्हातारीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन या रकमेत सहज बसले असते.

पण खरा तोटा पैशात मोजता येत नाही. जिन्यावर पावले वाजली की घरातली मुले चालीवरून आज बाप कसा आला आहे हे ओळखतात आणि पुस्तक मिटून झोपेचे सोंग घेतात. एखादा मुलगा दहाव्या वर्षीच घरातला कर्ता होतो. एखादी मुलगी अबोल होते. एखादे मूल सतत मारामाऱ्या करू लागते. घरी काय चालते हे कोणाला सांगायचे नाही, हा न शिकवलेला नियम सगळ्यांनाच पाठ असतो. पत्नी मार खाते, पदराने वळ झाकते आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी मोरीत पाय घसरला म्हणून सांगते.

स्त्रियांच्या व्यसनाबद्दल तर आपण उच्चारही करत नाही. ते प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी आहे. पण जी स्त्री या आजारात सापडते तिला उपचाराऐवजी केवळ तिरस्कार मिळतो. आजार पाहताना स्त्री-पुरुष असा भेद करणे आपल्याला शोभणारे नाही.

आपल्या हातून नकळत होणारे खतपाणी

नवरा पिऊन पडला की बायको साहेबांना निरोप देते, "त्यांना ताप आलाय." आई लेकाची उधारी चुकती करते. भाऊ पोलीस चौकीतून सोडवून आणतो. हे सारे प्रेमापोटी व अब्रूपोटी होते, त्यात वाईट हेतू नसतो. परंतु याचा परिणाम असा होतो की, पिण्याची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागत नाही. ती घरचे मोजतात. मग त्याने दारू का सोडावी?

तज्ज्ञ सांगतात, आजारी माणसाला जेवू घाला, दवाखान्यात न्या, त्याच्याशी माणुसकीने बोला. मात्र त्याच्यासाठी खोटे बोलू नका, त्याची उधारी फेडू नका, दारूसाठी पैसे देऊ नका. पिऊन आलेला असताना वाद घालू नये. सकाळी शुद्धीवर असताना, न ओरडता, काय घडले ते सांगावे आणि उपचाराची गोष्ट काढावी.

मारहाण मात्र आजाराच्या नावाखाली सहन करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला संरक्षण व त्याच घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत.

घातक उपाय

काही घरांत व्यसनी माणसाला खोलीत कोंडून किंवा गावी नेऊन त्याची दारू एकदम तोडली जाते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. दारू थांबल्यावर काही तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलताना ऐकू येतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. हा सन्निपात होय. नेमक्या याच वेळी बाहेरची बाधा झाली असे समजून त्याला मांत्रिकाकडे नेणारी माणसे अजूनही आहेत. ज्याला तासाभरात इस्पितळात पोहोचवायला हवे, त्याच्यावरून लिंबू उतरवले जाते. अंधश्रद्धा सोडल्याचा आपल्याला अभिमान आहे; त्याची कसोटी अशा रात्री लागते.

दुसरा घातक उपाय म्हणजे "रोग्याला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती वाचून जेवणात कालवलेली पावडर. पुष्कळदा तिच्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, धडधड व उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ते माणसाच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून दिल्यास जीव जाऊ शकतो. साखळीने बांधणे, मारणे असले प्रकार करणारी 'केंद्रे'ही टाळावीत. मानसिक आजारी माणसाला साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

योग्य वाट

पहिला टप्पा शरीरातील दारू सुरक्षितपणे उतरवण्याचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, तेथे जावे. डॉक्टर काही दिवस शामक औषधे कमी-कमी मात्रेत देतात, तसेच ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

अनेक कुटुंबे येथेच थांबतात, कारण माणूस टवटवीत दिसू लागतो. पण येथे उपचाराची फक्त सुरुवात झालेली असते. दुसरा टप्पा मनाचा. ओढ का लागते, राग आला, पगार झाला, जुना मित्र भेटला तर काय करायचे, हे समुपदेशनातून व गटचर्चेतून शिकावे लागते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध असून ती डॉक्टर ठरवतात.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात येरवडा येथे 'मुक्तांगण' उभे केले. तेथील ३५ दिवसांच्या उपचारात पत्नीला व घरच्यांनाही सामील करून घेतले जाते, कारण आजार घराला झालेला असतो.

तिसरा टप्पा आयुष्यभराचा. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर या दोन व्यसनी माणसांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली आणि आज तिच्या सभा आपल्याकडे मराठीतूनही होतात. तेथे फी नाही, नाव विचारत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच निश्चय रोज करायचा असतो. कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' हे वेगळे गट १९५१ पासून चालतात. पिणारा तयार नसला, तरी पत्नीने वा आईने तेथे जायला हरकत नाही. किंबहुना तिनेच आधी जावे.

या गटांत ईश्वराचा उल्लेख येतो म्हणून आपली काही मंडळी बिचकतात. त्यांना आमचे सांगणे असे की, स्वतःहून मोठ्या अशा कोणत्याही आधारावर विसंबण्याची तेथे मुभा आहे. ज्याला ईश्वर मान्य नाही, त्याने त्या गटालाच आधार मानावे. एकट्याने जमत नाही तेथे संघ लागतो, ही गोष्ट बौद्धांना नवी नाही. श्वासावर लक्ष ठेवण्याचा आनापानाचा सराव ओढ आलेल्या घटकेला उपयोगी पडतो, मात्र औषधोपचाराऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला.

पुन्हा घसरला तर?

वर्षभर कोरडा राहिलेला माणूस एखाद्या लग्नात एक घोट घेतो आणि आठवड्याभरात जुन्या मुक्कामी पोहोचतो. "शेवटी कुत्र्याचे शेपूट" म्हणून आपण मोकळे होतो. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली तर आपण असे म्हणत नाही, त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेतो. येथेही तेच करावे. पुष्कळांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. जेवढ्या लवकर परत नेले तेवढे नुकसान कमी.

समाजाने काय करावे?

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. पण ज्यांना दारूचे पक्के व्यसन जडले आहे, अशा सुमारे ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले. हे अंतर सरकारी योजनांनी जेवढे कमी होईल, तेवढेच आपापसातील उघड बोलण्यानेही होईल.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. हळदीला, वरातीला व १४ एप्रिलच्या मिरवणुकीत दारू नको, हा नियम प्रत्येक शाखेने करावा आणि पाळावा. "एकाने काय होतंय" असा आग्रह दारू सोडलेल्याला कोणी करू नये. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ व्यसनमुक्तीसाठी राखावी, एखादा डॉक्टर व बरा झालेला एखादा बंधू बोलवावा. उपचार घेऊन परतलेल्याला जबाबदारीचे काम द्यावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्याची 'टेलिमानस' १४४१६ हे क्रमांक फलकावर लावावेत.

विद्यार्थी मित्रांना दोन शब्द. तुमच्या घरी हा त्रास असेल, तर तो तुमच्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणेही तुमच्या एकट्याच्या हाती नाही. शाळेतील एका विश्वासू शिक्षकाला, मावशीला किंवा काकांना हे सांगा. त्यात घराची बदनामी नाही. अभ्यासासाठी वाचनालयात किंवा विहारात जागा मागा, ती देणे हे आमचे कर्तव्य आहे.

ज्यांनी अजून प्यायली नाही त्यांनी प्रतिज्ञा जपावी. जे अडकले आहेत त्यांच्यासाठी दवाखान्याची वाट मोकळी आहे, आणि त्या वाटेवर त्यांच्या सोबत चालायला आपल्यापैकी कोणीतरी उठले पाहिजे.